माकडिणीचा डावा हात

नदीकाठच्या एका दाट जंगलात एक माकडीण राहत असे. तिला ढोलकी शिकायची भारी हौस. त्या जंगलात ढोलकी वाजवावी ती एका म्हाताऱ्या अस्वलानेच. हत्तींच्या कळपात पिल्लू जन्मले, की त्याला पहिल्यांदा नदीवर न्यायचा मोठा सोहळा होई. पुढे ढोलकी, तिच्यामागे पिल्लू आणि पिल्लामागे सारा कळप. पिल्लाचे पाय अजून लटपटत असत. ठोक्यावर एकेक पाऊल टाकत ते कसेबसे नदी गाठी. पण अलीकडे अस्वलाचे खांदे दुखू लागले होते. त्यामुळे माकडीण शिकायला आली तेव्हा त्याला बरेच वाटले. "नीट शिकलीस, तर पुढच्या पिल्लापुढे तूच वाजवशील," ते म्हणाले. झाले! त्या दिवसापासून माकडिणीला दुसरे काही सुचेना.

तिचा उजवा हात भलताच चपळ होता. डावा मात्र आळशी. ठोका द्यायला तो उशिरा पोचे, कधी पोचतच नसे. अस्वलाने हे पहिल्याच दिवशी ओळखले. "पोरी, हळू वाजव. एक ठोका पडू दे, विरू दे, मग दुसरा. डाव्या हाताची चूक तुझी तुला ऐकू आली पाहिजे." माकडिणीने घरी जाऊन हळू वाजवून पाहिले. चूक ऐकू आली, आणि ती तिला मुळीच आवडली नाही. मग तिने लय वाढवली. आणि गंमत बघा मुलांनो, लय वाढताच डाव्या हाताच्या चुका उजव्याच्या गडबडीत बुडून गेल्या! वर फांदीवर पोपट बसले होते. ते ओरडले, "वा! काय हात चालतो! आणखी, आणखी!"

बाई हुरळून गेल्या. रोज पोपटांसमोर बसायचे आणि धडाधड वाजवायचे, हाच त्यांचा सराव. आळस करत होती असे कुणी म्हणू नये हं. तळवे लाल होईपर्यंत वाजवायची बिचारी, पण जे येत होते तेच. शिकवणीला अस्वल म्हणे, "हळू वाजवून दाखव." ती म्हणे, "काका, हळू तर कुणीही वाजवेल. हे ऐका!" आणि सुटायची. "घाईत मला तू ऐकूच येत नाहीस," अस्वल सांगे. म्हाताऱ्याचे कान गेले, असा तिने सोयीस्कर अर्थ काढला.

पुढे हत्तींच्या कळपात पिल्लू जन्मले, आणि नेमका त्याच सुमारास अस्वलाचा खांदा सुजला. "आज तू जा," ते म्हणाले, "पण हळू वाजव." माकडीण ऐटीत मिरवणुकीच्या पुढे उभी राहिली. तिने सवयीने जलद लय धरली. पिल्लू ठोक्यामागे धावू लागले आणि पायांत पाय अडकून आपटले. म्हातारी हत्तीण गरजली, "अगं, हळू! हे लेकरू आहे, हरिण नव्हे!" माकडिणीने लय उतरवली. आता डावा हात उघडा पडला. एक ठोका लवकर, एक उशिरा, एक नाहीच. पिल्लाने पाऊल उचलले, वाट पाहिली, ठोका आलाच नाही. ते वाटेतच फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडू लागले. काही केल्या उठेना.

तेव्हा कळपामागून हळूहळू चालत आलेले अस्वल पुढे आले. त्याने ढोलकी गळ्यात घेतली आणि सुजलेल्या खांद्यानेच साधा, संथ ठेका धरला. पिल्लू डोळे पुसत उठले. मिरवणूक पुढे सरकली. प्रत्येक ठोक्याला अस्वल ओठ दाबून कळ सोसत होते, आणि ते फक्त शेजारून चालणाऱ्या माकडिणीला दिसत होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की नदी येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अस्वलापुढे बसली. "काका, पहिल्यापासून शिकवाल?" अस्वलाने सुजलेल्या खांद्यावर बांधलेला औषधी पाला सारखा केला आणि म्हटले, "डावा हात." मग रोज डावा हात. एक ठोका, थांबणे, दुसरा ठोका. पोपट कंटाळून दुसऱ्या झाडावर गेले. माकडिणीलाही कंटाळा येई, कधी रडूही येई. पण चूक ऐकू आली, की ती तिथेच थांबे आणि पुन्हा वाजवी. हळूहळू चुका विरळ झाल्या.

पुढच्या पिल्लाच्या वेळी तीच पुढे होती. साऱ्या वाटेत कुणी ढोलकीकडे पाहिले नाही. सगळे पिल्लाकडे पाहत होते, कारण ते एकदाही अडखळले नाही. नदीकाठी पोचल्यावर माकडिणीला वाटले, झाले आपले काम. तिने हात थांबवला. पिल्लूही थांबले. पाण्याच्या कडेला एक पाय उचलून ते तिच्याकडे बघत राहिले.

माकडिणीने सावकाश डाव्या हाताचा ठोका दिला. पिल्लाने पाऊल पाण्यात टाकले.

तात्पर्य : सराव करायचा तो न येणाऱ्या गोष्टीचा, आणि तोही सावकाश; येते तेच पुन्हा पुन्हा करण्याला सराव म्हणत नाहीत.