राजाच्या आवाजाचे पान

एका राज्यात प्रत्येक गडावर एक बोलका वृक्ष होता, आणि साऱ्या वृक्षांची मुळे भूमीखाली एकमेकांत गुंतली होती, म्हणून कोणत्याही गडावरून कोणतेही पान हलवता येई. एक फांदी पाण्याची, एक दरवाजांची, एक माणसांची. फांदी, डहाळी, पान असा क्रम सांगून ‘मंगल’ म्हणावे, की पान बोले, "तळे अर्धे भरले." ‘सुमंगल’ म्हटले, की पान उलटे आणि गोष्टही पालटे, उघडे दार मिटे. शब्द पणजोबांच्या काळचे, साऱ्या गडांवर तेच, आणि दर सणाला प्रजा ते मोठमोठ्याने म्हणत वृक्षाची पूजा करी. काय म्हणावे या शहाणपणाला!

व्हायचे तेच झाले. विखारनाथ नावाचा मांत्रिक पूजेला आला, पोटभर प्रसाद जेवला आणि जाताना दोन्ही शब्द घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी राजा रत्नसेन दरबारात बोलू गेला, तो तोंडातून नुसती हवा! मांत्रिकाचा निरोप आला, "मी उलटवलेले आवाजाचे पान पौर्णिमेला वाळेल. मग मुक्या राजाची गादी माझी."

राजकन्या मृणावतीला रडू कोसळले. वृक्षावरची म्हातारी मैना म्हणाली, "कन्ये, तीन कामे कर. पान शोध, पान उलट, शब्द बदल."

माणसांच्या फांदीवर, राजघराण्याच्या डहाळीवर राजकन्येला पान सापडले. "सुमंगल!" ती म्हणाली. राजा "अगे मृणा" एवढे बोलला आणि पुन्हा मुका झाला. ओसाड गडावरच्या वृक्षाखाली बसून मांत्रिकाने पान परत उलटवले होते. तिने पुन्हा उलटले, त्यानेही पुन्हा.

"चोराच्या हाती किल्ली, आणि तू दार लावतेस!" मैना चिडली.

प्रधान म्हणाले, "पूर्वजांचा शब्द बदलणे अशुभ."

"माझे तात मुके झाले, प्रधानजी. याहून अशुभ काय?"

तिने मुळाशी तोंड नेऊन प्रत्येक फांदीला ऐकण्याचा आणि उलटण्याचा असे दोन निराळे शब्द दिले. पाण्याचे पाटकऱ्याला सांगितले, दरवाजांचे द्वारपालाला, माणसांचे स्वतःपाशी ठेवले. चुकीचा शब्द तीनदा आला तर ओरडा, असेही मुळांना बजावले. मग पान सुलटे केले.

"सुमंगल!" विखारनाथ ओरडला. वृक्ष गप्प. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा साऱ्या गडांवरच्या वृक्षांनी एकदम बोंब ठोकली, "ओसाड गडावर चोर!" शिपायांनी त्याला बखोट धरून आणले.

राजाने लेकीला पोटाशी धरले आणि हळूच विचारले, "नवा शब्द कोणता गे?"

"तात, ऐकण्याचा सांगते. उलटण्याचा नाही."

"राजाला नाही?"

"आपल्या पोटात काही राहत नाही."

राजा इतक्या मोठ्याने हसला, की वेशीबाहेर रवंथ करणाऱ्या म्हशी दचकून उठल्या, आणि सारे नगर त्या आवाजाच्या आनंदाने रस्त्यावर आले.