ठकाईचा वारा

फार वर्षांपूर्वी, खापरीच्या नदीला पूल नव्हता आणि कुंभारांचं मडकी भाजायचा आवा लावण्याचं मैदान थेट पाण्यापर्यंत होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात एका घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली ठकाई, धाकटी पुतळा. ठकाईची लेकरं मोठी होऊन कामाला लागली होती. पुतळाची कूस मात्र रिकामी होती.

पुतळाला थोरलीचा हेवा वाटायचा. ठकाईनं मळलेल्या मातीला खडा लागत नसे, म्हणून हेवा. सासू भिवाई तिला विचारून चूल पेटवी, म्हणून हेवा. असं म्हणतात, की ठकाईला ठसका लागला तरी पुतळाला वाटे, बघा, हिचाच ठसका कसा सगळ्यांना ऐकू जातो!

त्या काळी कावळा शिवलेली बाई अंगणापलीकडच्या छपरीत बसे. तिचा हात लागला तर कच्चं मडकं तडकतं, अशी कुंभारांची पक्की समजूत. त्यामुळे कोण कधी बाहेर बसलं, हे घरातच काय, अख्ख्या आळीला ठाऊक असे. पुतळा तर डोळ्यांत तेल घालून बघे. त्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, पण ठकाई काही छपरीत बसली नाही. शिवाय तिला झोप लागत नव्हती. थंडीतही ती घोंगडी फेकून देई. एकदा तर भाकरी करपली म्हणून ढसाढसा रडली.

पुतळानं बोटांवर महिने मोजले. ‘ह्या वयात हिला पुन्हा दिवस गेले! आणि मला एकदाही नाही.’

तिला ते गिळवेना. ती भिवाईला म्हणाली, “आत्याबाई, पाळणा उतरवा माळ्यावरचा. तुमच्या थोरलीला हौस आलीय.”

झालं! घर उजळलं. ठकाई म्हणत होती, “मला नाही वाटत तसं, आत्याबाई.” पण पाळणा हलणार म्हटल्यावर बाईचं कोण ऐकतं? तिला दुधावरची साय, उन्हातली जागा. तिच्या वाटणीची माती तुडवायची पुतळानं. पुतळाची पावलं चिखलात आणि जीव अंगारावर. एके दिवशी तुडवता तुडवता ती पुटपुटली, “फुटू दे तिचं मडकं.” शेजारच्या बायजीनं ते ऐकलं.

संक्रांत जवळ आली. पण त्या वर्षी धुकं असं बसलं, की सुगडं सुकेनात. सुगडं म्हणजे संक्रांतीला बायका वाणात देतात ती लहान मडकी. ओली सुगडं आव्यात घातली तर फुटणार, आणि न भाजली तर पंचक्रोशीतल्या बायकांची ओंजळ रिकामी राहणार. अशातच ठकाईची ओटी भरायचं ठरलं. बायका जमल्या, तांदूळ मोजले, आणि ठकाई पाटावरून उठली तर पाट लाल झालेला. रक्त थांबेना.

“गर्भ गेला गं बाई!” एकच कालवा झाला. बायजी ओरडली, “हिनं म्हटलं होतं, फुटू दे मडकं! माझ्या कानांनी ऐकलंय!”

सासरा म्हणाला, “धाकटीला माहेरी नेऊन घाला. कायमची.”

गाडी जुंपली. पुतळा रडली नाही की भांडली नाही. तिलाही वाटलं, माझ्याच हेव्यानं हे झालं.

तेवढ्यात छपरीतून ठकाई बाहेर आली. खरं तर तिनं यायचं नव्हतं. ती म्हणाली, “गाडी सोडा. गर्भ नव्हताच.”

“मग काय होतं?” सासऱ्यानं विचारलं.

“मला काय विचारता? माझ्याआधी म्हाताऱ्या झालेल्या इतक्या जणी बसल्यात. त्यांना विचारा.”

म्हाताऱ्या पायाच्या बोटांनी माती उकरू लागल्या. सासरा म्हणाला, “जावेला वाचवायला खोटं बोलतेस.”

ठकाईच्या अंगातून तेव्हाच ती आग उठली. मान लाल झाली, कपाळावरून घाम ओघळला. तिनं पुढं होऊन एक ओलं सुगड उचललं. बायका किंचाळल्या. आता तडकणार! पण ते तडकलं नाही. असं म्हणतात, की तिच्या ओंजळीतून वाफ निघाली. तिनं टिचकी मारली, तर सुगड खणकन वाजलं.

मग भिवाई हळूच म्हणाली, “मलाही पेटायचं असंच. दोन दोन महिने काही नाही, आणि मग पूर. मला वाटलं देवीचा कोप. म्हणून कुणाला बोलले नाही.”

“मीपण नाही,” दुसरी म्हणाली.

“माझा नवरा म्हणाला, भूत लागलं!” बायजी म्हणाली, आणि सगळ्यांना हसू फुटलं.

एकेक तोंड उघडत गेलं. पाळी जाताना सरळ जात नाही, अडखळत जाते. वर्षभर काही दिसलं नाही, की मग ती गेली म्हणायची. तोवर दिवस राहूही शकतात. त्या बोलत राहिल्या आणि ठकाई सुगडं सुकवत राहिली. सूर्य मावळायच्या आत सगळी सुकली. शेजारी उभी राहून पदरानं वारा घालत होती ती पुतळा.

वारा घालतानाही तिच्यानं राहवलं नाही. “आक्का, असे हात तुलाच कसे गं?”

ठकाई हसली. “पेटशील तेव्हा विचार.”

पुढं पुष्कळ वर्षांनी पुतळा पेटली. तोवर ठकाई गेली होती. पुतळानं पहिलं काय केलं असेल? ओलं सुगड हातात घेतलं. ते काही सुकलं नाही. “मेल्यावरही वरचढच!” ती चिडून म्हणाली. पण तिला भीती वाटली नाही, कारण आपल्याला काय होतंय ते तिला ठाऊक होतं. तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं, तरी तिच्या मानेवर गार वारा आला, असं म्हणतात.

खापरीत छपरी आता नाही. पण संक्रांतीला पहिलं सुगड अजून ठकाईचं असतं. ज्या बाईची पाळी अडखळू लागली, तिच्या ओंजळीत ते देतात. म्हाताऱ्या भोवती बसून आपापलं सगळं सांगतात. रक्त फार गेलं, किंवा वर्षभर बंद होऊन पुन्हा दिसलं, तर तिला एकटीला न सोडता दवाखान्यात नेतात. आणि हे सगळं चालू असताना पदरानं वारा घालायचा मान त्या बाईचा, जिला सुगड घेणारीचा सगळ्यांत जास्त हेवा वाटतो. ती कोण, हे गावाला सांगावं लागत नाही. ती आपणहून उठते.