शेठची कालच आलेली बॅटरी

तासगावचे रावजीशेठ विकायचे गाड्यांच्या बॅटऱ्या, पण बसायचे राजासारखे. त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

ऐन मे महिन्यात कुमुदकाकूंची छोटी गाडी बंद पडली. दुसऱ्याच दिवशी लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं, म्हणून काका-काकू शेठकडे धावले.

"ही घ्या!" शेठनी एका भल्यामोठ्या बॅटरीवर थाप मारली. "महाग आहे, पण कालच आलीय. एकदम ताजा माल!"

काकांनी भारावून खिशात हात घातला. काकू मात्र वाकून बघत होत्या. बॅटरीवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि कडेला झेंडूची वाळकी पाकळी चिकटली होती.

"शेठ, दसऱ्याला हिची पूजा केलीत ना?"

शेठनी घाईघाईने ती पाकळी झटकली. पडून पडून बॅटरीचा जीव जातो, हे ते जाणून होते.

काकू गोड हसल्या. "मग ही तुमच्या घरची लक्ष्मी. ती आम्ही कशी न्यावी? आमच्या गाडीपुरती साधी, खरंच नवी द्या. तिची पूजा आम्ही करू."

शेठना हसू आवरेना. साधी बॅटरी त्यांनी स्वतः काकूंच्या दारात येऊन बसवून दिली.

तेव्हापासून दसऱ्याला रावजीशेठ हळदीकुंकू फक्त गल्ल्याला वाहतात.