सहाशे चाळीस वाक्यं आणि गिरजव्वा

“यात एक तरी चूक काढून दाखवा, अप्पा. एक...?”

वीरभद्रानं कागदांची चळत अप्पांपुढे सरकवली आणि ताठ बसून राहिला.

अप्पा शेंगा फोडत होते. सीमेवरच्या त्या छोट्या मठाचे ते प्रमुख. मठात दरवर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर भरायचं आणि यंदापासून नावनोंदणी वेबसाइटवर होणार होती. वेबसाइट होती इंग्रजीत. ती मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत आणायचं काम अप्पांचा तरुण शिष्य वीरभद्र यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. शब्दकोश उशाला घेऊन त्यानं मराठीची सहाशे चाळीस वाक्यं अकरा दिवसांत हातावेगळी करून वेबसाइटवर चढवलीही होती. आता अप्पांची शाबासकी मिळाली की गडी कन्नडला हात घालायला मोकळा.

अप्पांनी कागदांकडे पाहिलंही नाही.

“कुणासाठी केलंस?”

“लोकांसाठी.”

“कुठल्या?”

“म्हणजे... सगळ्याच.”

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली. “गिरजव्वाला हाक मार.”

गिरजव्वा मठात भाकऱ्या करायची. चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या नवऱ्याला, भिमण्णाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पायरी उतरायची झाली तरी तो तिचा खांदा धरायचा. नोंदणी शनिवारी बंद होणार होती.

पदराला हात पुसत ती आली. अप्पांनी वीरभद्राचा फोन तिच्या हातात दिला.

“मालकांचं नाव घाल यात.”

वीरभद्र मनातून खूश झाला. आता अप्पांना काम डोळ्यांनीच दिसणार होतं.

गिरजव्वानं नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला. चांगली दहा मिनिटं गेली. मग तिनं बटण दाबलं. लाल अक्षरं उमटली. त्यांच्याखाली बोट धरून ती एकेक शब्द वाचू लागली.

“प्रविष्ट केलेली माहिती... सदोष आढळल्याने... आपला अर्ज... अस्वीकृत करण्यात येत आहे.”

तिनं ते पुन्हा वाचलं. मग फोन हळूच चटईवर ठेवला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

“अप्पा, माझ्या हातनं काय तरी गुन्हा झाला बघा. मालकांना आता घेत न्हाईत व्हय?”

वीरभद्रानं झटकन फोन उचलला. मोबाइल नंबरातला एक आकडा लिहायचा राहिला होता. तेवढंच.

“एक आकडा राहिलाय, गिरजव्वा. बाकी काही नाही...”

“तर मग तुमीच घाला. म्या न्हाई बाई हात लावत त्याला.”

ती चुलीकडे निघून गेली.

...

“चूक सापडली?” अप्पांनी विचारलं.

“सापडली.”

“आणि ती माथी कुणी घेतली?”

वीरभद्राला मान वर करवेना. त्याला फार लाज वाटली. त्यानं कागद गोळा केले आणि उठला.

पुढचे तीन दिवस तो चुलीपाशी बसून होता. तो एक वाक्य वाचायचा, गिरजव्वा तोंड वाकडं करायची. “एवढं लांबण कशाला लावलंय, अण्णा?” मग काय सांगायचंय ते तो साधेपणानं सांगायचा, ती आपल्या शब्दांत म्हणायची आणि तो ते लिहून घेऊन वेबसाइटवर चढवायचा. मधूनमधून गरम भाकरीही मिळायची.

शुक्रवारी तिनं आपणहून फोन मागितला. आधी ‘तुमीच घाला’ म्हणाली होती, पण वाक्यं सोपी होत गेली तसं भिमण्णाचं नाव तिनं वीरभद्राला घालू दिलं नव्हतं. आपणच घालायचं असं तिनं ठरवलं होतं. या खेपेलाही एक आकडा राहिलाच.

‘मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे. पुन्हा बघा.’

“बघते की रं! जरा दम धर,” तिनं फोनलाच दटावलं आणि पिठाच्या बोटानं आकडा घातला.

‘नाव घेतलं आहे. सोमवारी सकाळी या. येताना सोबत कुणीतरी असू द्या.’

“अवो!” ती पायरीवर बसलेल्या भिमण्णाकडे बघून ओरडली. “घेतलं तुमचं नाव!”

भिमण्णा आवाजाच्या दिशेला तोंड करून हसला.

वीरभद्र तसाच धावत अप्पांकडे गेला आणि पाया पडला. त्याचा आनंद लपत नव्हता.

“अप्पा, आता कन्नडला लागतो. कुठून सुरुवात करू?”

अप्पांनी मूठभर शेंगदाणे त्याच्या ओंजळीत घातले.

“कन्नड बोलणाऱ्यांत कुणाला दिसेनासं झालंय... त्याचं नाव आधी विचारून ये.”