झाडून लख्ख केलेलं रान

एका राज्यात एक रान होतं, आणि त्या राज्याच्या राजाला, रत्नशेखराला, रान लख्ख लागे. दर हिवाळ्यात त्याचे शंभर झाडूवाले रानात शिरत, पानन् पान झाडून नेत, वेली उपटत, रोपटी खुडत. खाली बघावं तर अंगण, वर बघावं तर छत.

एका वर्षी महालाच्या तुळईसाठी राजाने रानातला सगळ्यात जुना वृक्ष पाडला. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवत होती. या पक्ष्यांची रीत अशी, की मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फट तेवढी ठेवते, आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. नर चोचीत फळ घेऊन परतला, तेव्हा झाड आडवं होतं आणि ढोलीतून आवाज येत नव्हता.

धनेश माणसाच्या वाणीने बोलला, "राजा, माझं घर जिथल्या तिथे थांबलं. तुझंही थांबेल. या वृक्षाच्या कुळातलं रोप तुझ्या लेकीएवढं उंच होईल, तेव्हाच ती हलेल."

महालाच्या अंगणात सात वर्षांची राजकन्या केतकी सागरगोटे खेळत होती. ती बसल्या जागी लाकडाची झाली. वर उडवलेला सागरगोटा खाली पडला. राणी हंसावतीने तो उचलून पदरात बांधला आणि ती रानात राहायला गेली.

त्या कुळातला एकच वृक्ष उरला होता. पहिल्या वर्षी राणीने त्याच्याच बुंध्याशी बिया पेरल्या, हाताने पाणी घातलं. दोन पानं आली आणि वाळली. धनेश म्हणाला, "आईच्या दाट सावलीत लेकरू उपाशी राहतं."

दुसऱ्या वर्षी राणीने बिया चांदीच्या डबीत ठेवल्या आणि राजज्योतिष्याने काढलेल्या मुहूर्ताची महिनाभर वाट पाहिली. त्या दिवशी डबी उघडली, तर सगळ्या बिया मेलेल्या. धनेश म्हणाला, "या बियांना थांबता येत नाही, राणी."

तिसऱ्या वर्षी तिने काहीच पेरलं नाही. शापानंतर पाडलेला वृक्ष उचलायला कुणी धजावलं नव्हतं; ती त्याच्यापाशी नुसती बसून राहिली. तिथे पानांच्या छताला भोक पडलं होतं आणि ऊन थेट जमिनीवर येत होतं. धनेश रोज त्या उरलेल्या एकुलत्या वृक्षाचं फळ आणून रिकाम्या ढोलीच्या फटीशी ठेवी, थोडा वेळ थांबे, आणि उडून जाई. फळ घरंगळून मातीत पडे. एके सकाळी तिथे एक कोंब दिसला.

हिवाळा आला तसे झाडूवाले आले. राणी कोंबाभोवती आडवी पडली. त्यांचा म्होरक्या मालोजी ओशाळून म्हणाला, "राणीसाहेब, आमचा काय दोष? लहानपणी रोप आणि कचरा सारखाच दिसतो."

"मग ओळखू येईपर्यंत हात लावू नका."

मालोजीने झाडू खाली ठेवला. राजा स्वतः आला, नाक मुरडून म्हणाला, "रानाचा उकिरडा केलात."

"तुमची लेक या उकिरड्यातूनच परत यायची आहे," राणी म्हणाली. राजा मागे फिरला. त्यानंतर रान कुणी झाडलं नाही.

रोप फार हळू वाढलं. वर्षाला चार बोटं, कधी तीही नाहीत. वेली वाढल्या, पाचोळा कुजला, नाना जातींची रोपं उगवली. लेकीच्या लाकडी हातावर हात ठेवूनच राजा वारला. राणीचे केस पांढरे झाले, पाठ वाकली. धनेशाचं फळ आणणं चुकलं नाही.

बाराव्या वर्षी राणीने बसलेल्या लेकीच्या उंचीची काठी रोपाशी लावली. वरचं पान काठीला टेकलं होतं. ती धडपडत महालात पोचली.

केतकी हलली. सात वर्षांचीच होती. उघड्या तळव्याकडे बघत म्हणाली, "माझा सागरगोटा?"

राणीने पदराची गाठ सोडून तो तिच्या हातावर ठेवला.

मुलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आजी, माझी आई कुठंय?"

"रानात गेली होती," राणी म्हणाली. "चल, दाखवते."

शाप असा उतरला, आणि ते रान आजही कुणी झाडत नाही.