अंगात जिरलेली हाक

कोण्या एका माळरानावर कवडी नावाची लांडगीण राहायची. तिचा ठावठिकाणा कळावा म्हणून वनरक्षक शेवंताताईंनी तिच्या गळ्यात पट्टा बांधला होता, आणि पट्ट्यात होती एक इवलीशी अँटेना. तिचा कवडीवर भारी जीव! उबदार मानेला बिलगून ती दिवसभर हाका मारायची, पण ताईंच्या यंत्रावर नुसती खरखर उमटायची.

एकदा ताईंनी कवडीला गुंगी देऊन अँटेना आणि मान यांच्यामध्ये फोमची पट्टी घातली. अँटेना फणफणली, "आमच्या दोघींत तू कशाला कडमडलीस?"

"बाई गं," पट्टी म्हणाली, "तू चिकटून बसलीस की तुझी हाक तिच्या अंगातच जिरते. जराशी सुटी राहा, मग बघ."

अँटेना रुसून बसली. पुढे कवडीचा पाय काटेरी कुंपणात अडकला, तेव्हा मात्र अँटेना घाबरून जीव तोडून ओरडली. ती हाक थेट टेकडीपलीकडे ताईंच्या यंत्रावर पोचली.

"अगंबाई, किती स्पष्ट! कवडी कुंपणापाशी अडकलेली दिसते!" म्हणत शेवंताताई माणसं घेऊन धावल्या. पाय सुटताच कवडी माळावर पसार झाली.

अँटेना हळूच म्हणाली, "पट्टीताई, आणखी थोडी जाड असतीस तरी चाललं असतं गं!"