लेकरांची शीग

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, एका जुन्या जांभळीच्या ढोलीत, एक खारीण आपल्या चार पिल्लांसह राहत असे. तीन पिल्ले धडधाकट होती. चौथी होती धाकटी. तिने अजून जांभळीवरून शेजारच्या बेहड्यावर उडी मारली नव्हती. खारीच्या पिल्लाला ही उडी यावीच लागते, कारण वर आभाळात घार घिरट्या घालत असते आणि उडी न येणारे पिल्लू तिला लांबूनच ओळखू येते. उडीसाठी पायांत जोर हवा, आणि जोर येण्यासाठी पोटात दाणे हवेत. इतकी साधी गोष्ट होती ही.

दाण्यांची त्या जंगलात एक रीत होती. पावसाळ्यात सगळ्यांच्या ढोल्यांत, बिळांत पाणी शिरे आणि साठवलेले दाणे कुजत. म्हणून वाडवडिलांनी ठरवले होते, की सर्वांनी रानातले दाणे वेचून टेकडीवरच्या कोरड्या कपारीत ठेवायचे, अधूनमधून उन्हात घालायचे, आणि दर सोमवारी प्रत्येक घराने आठवड्याची सात मापे न्यायची. रीत चांगली होती. माप म्हणजे बेलफळाची अर्धी करवंटी, दिवसाला एक. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. आणि माप भरायचे ते शिगेचे. करवंटी काठोकाठ भरली की काठाच्या वर दाण्यांचा जो लहानसा डोंगर उभा राहतो, ती शीग. म्हाताऱ्या सांगत, "काठापर्यंतचे मोठ्यांचे, काठावरचे लेकरांचे."

कपारीची राखण एका साळिंदराकडे होती. अंगभर काटे असल्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कोणी फारसे जात नसे. एका सोमवारी त्याने आपल्या पाठीवरचा एक लांब काटा उपटला, करवंटी भरली, आणि तो काटा काठावरून आडवा ओढला. वरची शीग ओघळून त्याच्याच पायाशी पडली.

"हे काय, साळिंदरदादा?" रांगेतल्या उंदरिणीने विचारले. ती जांभळीच्या मुळांत राहत असे आणि तिला नऊ पिल्ले होती.

"शिस्त," साळिंदर म्हणाले. "कोणाची शीग मोठी होते, कोणाची लहान. हा अन्याय आहे. आता सगळ्यांना सारखे माप."

"मग सगळ्यांना सारखी मोठी शीग द्या की!"

साळिंदराने अंगावरचे काटे नुसते हलवले. खळखळ आवाज झाला आणि रांग मुकाट्याने पुढे सरकली. पायाशी पडलेले दाणे कोणाचे, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. महिनाभरात साळिंदर इतके गुबगुबीत झाले, की ते विचारायची गरजही उरली नाही.

खारिणीच्या घरी मात्र आठवडा आखूड झाला. सोमवारी पिल्ले आनंदाने ढोलीत उड्या मारत. मंगळवार-बुधवार कसेबसे जात. गुरुवारपासून खारीण दाणे पाण्यात भिजत घाली, म्हणजे ते फुगून जास्त दिसत. शुक्रवारी नुसते पाणीच जास्त होई. शनिवारी पिल्ले करवंटी चाटत, आणि रविवारी खारीण जांभळीची साल सोलून त्यांच्यापुढे ठेवी. "आई, ही कडू आहे," धाकटी म्हणे. "औषध आहे ते, उडीचं औषध," खारीण सांगे.

अखेर सगळ्या आया मिळून कपारीशी गेल्या. "सात मापं पाच दिवसांतच संपतात," त्या म्हणाल्या.

"अहो, दिवस सात, मापे सात," साळिंदर म्हणाले. "मग चूक मापाची, की संसार करणारीची? तुम्हाला काटकसर शिकवायला हवी." आणि त्याने तळ्यावरच्या बगळ्याला बोलावणे पाठवले.

बगळा पांढराशुभ्र, अंगावर एक डाग नसलेला. तो एका पायावर उभा राहिला, त्याने डोळे मिटले, आणि तो बोलू लागला. "भगिनींनो, भूक ही सवय आहे. दाणा बत्तीस वेळा चावा. दिवस मावळताच झोपा, म्हणजे भूक कळत नाही. कोंडा टाकू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, मन प्रसन्न ठेवा."

"बगळोबा," उंदरीण म्हणाली, "माझी नऊच्या नऊ पोरं प्रसन्न मनानं रडतात. तुम्ही स्वतः काय खाता?"

"मी? मासे, बेडूक. धान्याला मी स्पर्शही करीत नाही. पाहा, केवढा हा त्याग!"

"आणि ते मासे तुम्हाला कोण मोजून देतं?"

"तळे काही मोजत नसते, बाई," बगळा म्हणाला आणि त्याने पाय बदलला.

आया हसल्या. खारीण मात्र हसली नाही. तिने एकेक शब्द नीट ऐकला. मुलांनो, तुम्ही तिला भोळी म्हणाल. पण जिचे लेकरू उपाशी असते, ती बगळ्याचेही ऐकून पाहते.

तिने सगळे केले. दाणे बत्तीस वेळा चावायला लावले. कोंडा भिजवून त्याचे गोळे केले. पिल्लांना उजेड असतानाच झोपवले. सोमवारीच सात पाने मांडून सात वाटे केले आणि उद्याच्या वाट्याला कोणालाही हात लावू दिला नाही. तरीही पुरेना. मग तिने तो उपाय केला, जो बगळ्याने सांगितला नव्हता आणि जो सगळ्या आयांना न सांगताच येतो. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी ती स्वतः जेवली नाही. पिल्लांनी विचारले, "आई, तू?" की ती म्हणे, "माझं मघाशीच झालं."

आता आठवडा पुरला. रविवारी संध्याकाळपर्यंत पुरला. जंगलभर बातमी झाली की खारिणीच्या घरी साल सोलावी लागत नाही. कशी, ते कोणी विचारले नाही. साळिंदराने कपारीसमोर मोठी सभा भरवली. बगळा आला. एक मोरपीस आणले गेले. "ही पाहा आदर्श माता!" साळिंदर म्हणाले, आणि ते मोरपीस त्याने खारिणीच्या कानामागे खोचले. पीस तिच्यापेक्षा मोठे होते. ती त्याच्या भाराने एका बाजूला कलली.

"सांग बाई, सांग," साळिंदर म्हणाले, "सात मापांत सात दिवस पुरतात ना?"

इथे मला त्या जंगलातली एक जुनी सवय सांगायला हवी. चांगल्या घरचे वळण म्हणत तिला. घरात दाणा नसला तरी शेजारणीने "जेवलीस का?" म्हटले, की उत्तर द्यायचे, "हो तर, पोटभर." खारीण उंदरिणीला असे सांगे, उंदरीण खारिणीला सांगे, आणि दोघीही खोटे बोलताहेत हे दोघींना ठाऊक असे. चारचौघांत आपले रिकामे भांडे दाखवायचे नाही, एवढाच त्या बिचाऱ्यांचा मान होता. आता तर सारे जंगल पाहत होते. खारिणीची मान ताठ झाली.

"पुरतात तर," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाली, "चिमूटभर उरतंसुद्धा."

"उरते?" साळिंदराचे डोळे चमकले. "ऐकलेत सर्वांनी? उरते! याचा अर्थ आजवर आपण जास्त देत होतो. तर पुढच्या सोमवारपासून घरटी सहा मापे. काही शंका असल्यास खारूताईंना विचारावे. त्या शिकवतील."

उंदरीण ओरडली, "उरतं? अगं खारूताई, तुझ्या घरी उरतं? तुझं एक पिल्लू चालताना भेलकांडतंय, आणि तुझ्या घरी उरतं? तुझ्या त्या मोरपिसापायी माझ्या नऊ पोरांचा एक दिवस गेला गं!"

तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक बारीक आवाज आला. धाकटी बोलत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"आई, उरतं ते तू कुठे ठेवतेस गं?"

खारिणीने वर पाहिले. धाकटी दोन्ही हातांनी फांदीला घट्ट धरून बसली होती, कारण तिचे पाय थरथरत होते. आणि तिच्या कितीतरी वर, निळ्या आभाळात, घार एक गोल पुरा करून दुसरा घेत होती.

खारिणीने कानामागचे मोरपीस काढले आणि खाली टाकले.

"कुठंच ठेवत नाही, बाळा. उरत नाही. मी खोटं बोलले." मग ती सभेकडे वळली. "ऐका. मी बुधवारी जेवत नाही. शुक्रवारी जेवत नाही. रविवारी जेवत नाही. ही माझी काटकसर! ज्यांना शिकायची असेल त्यांनी शिका. आणि मी एकटी का सांगू? ससूताई, तू कधी जेवलीस? उंदीरवहिनी, तू?"

उंदरिणीने मान खाली घातली. "परवा," ती हळूच म्हणाली.

"मी कालपासून नाही," सशीण म्हणाली. मग एकेक आवाज येऊ लागला. त्या सभेत चांगल्या घरचे वळण त्या दिवशी मोडले, आणि ते मोडले ते बरे झाले.

"शांतता!" साळिंदर म्हणाले. "हा घरगुती प्रश्न आहे. त्याचा मापाशी संबंध नाही."

"मापाशीच आहे!" खारीण टुणकन करवंटीपाशी उतरली. तिथे तो शीग ओढायचा काटा पडला होता. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि कुरतडू लागली. कटकट, कटकट. खारीचे दात, मुलांनो, आक्रोड फोडतात. बघता बघता काट्याचे तीन तुकडे झाले.

साळिंदर फुगून दुप्पट झाले. "एक मोडलास. माझ्या अंगावर हजार आहेत!"

"आणि आमच्या प्रत्येकीच्या तोंडात दात आहेत," उंदरीण पुढे येत म्हणाली. "ओढ तू दुसरा. आण."

बगळ्याने घसा खाकरला. "भगिनींनो, राग आरोग्यास अपायकारक..."

"बगळोबा," खारीण म्हणाली, "आमच्या ढोलीत या. एक आठवडा राहा. काठापर्यंतची सात मापं घ्या, चार पोरं सांभाळा, आणि मन प्रसन्न ठेवून दाखवा."

"मला धान्य पचत नाही," बगळा म्हणाला आणि उडून गेला. तो परत आला नाही.

त्या दिवसापासून आया दाणे वेचत होत्या, पण कपारीत एकही दाणा नेत नव्हत्या. वेचलेले सारे त्या जांभळीखाली आणून ढीग करत आणि कोणाची किती मुले ते पाहून वाटून घेत. ढीग लहान होता. पहिल्या दिवशी कोणाचेच पोट भरले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण कोणी "माझं मघाशीच झालं" म्हणाले नाही. सगळ्या आया सगळ्यांच्या देखत जेवल्या.

आणि कपारीत काय झाले? दाणे उन्हात घालायला कोणी नव्हते. वाळवणे, पाखडणे, वेचणे हे सगळे आयाच करत असत. साळिंदर नुसते दाराशी बसत असे. चौथ्या दिवशी दाण्यांत पोरकिडे झाले. साळिंदराने आत हात घातला, तर मूठभर दाण्यांत अर्धे किडे वळवळत होते. हजार काटे असून त्याला त्यातला एक किडा वेचता येईना.

सोमवारी त्याने स्वतःच निरोप धाडला. आया आल्या. आधी त्यांनी दाणे उन्हात पसरले, निवडले. मग खारीण करवंटीसमोर उभी राहिली. साळिंदराने माप भरले. काठापर्यंत आले आणि त्याचा हात थांबला.

"अजून," खारीण म्हणाली.

त्याने अजून घातले. शीग उभी राहिली. दोन दाणे घसरून खाली पडले. साळिंदराचा पंजा पुढे आला, पण खारिणीने आधी ते उचलले.

"म्हण आता," ती म्हणाली.

"लाभ," साळिंदर पुटपुटले.

"मोठ्यानं. रांगेत मागे ऐकू गेलं पाहिजे."

"लाभ!"

सात मापे, सातही शिगेची. धाकटीच्या पायांत जोर यायला महिना लागला. गेलेले आठवडे काही परत येत नसतात, आणि त्या उपाशी रविवारांबद्दल साळिंदराने आजवर कोणाची क्षमा मागितलेली नाही. पण पाऊस सुरू व्हायच्या आत एका सकाळी धाकटीने जांभळीवरून झेप घेतली. उडी जरा आखूड पडली. मागचे पाय हवेत लोंबले. घार खाली झेपावली. तेवढ्यात धाकटीने बेहड्याची फांदी घट्ट पकडली, आणि घार रिकाम्या पंज्यांनी वर गेली.

त्या दुपारी मुळाशी बसून उंदरिणीने हाक मारली, "खारूताई, जेवलीस का गं?"

"नाही अजून," खारीण म्हणाली. "तू जेवली नसशील तर वर ये."

तात्पर्य : अर्धपोटी राहून घर चालवणाऱ्या आईच्या काटकसरीला टाळ्या वाजवण्याआधी तिच्या मापावरची शीग कोणी ओढून नेली, ते विचारा, आणि आपली भूक लाजेने झाकू नका, कारण झाकलेल्या भुकेचाच आधार घेऊन लुबाडणारा उद्याचे मापही कमी करतो.